शाळा कायद्याचा ठोकळा: वर्षभर टेबलावर ठेवल्यानंतर

एमईपीएस (खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा), आरटीई (शिक्षण हक्क कायदा), पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा), फी कायदा, सगळं एका पुस्तकात बांधलं, साडेसातशे रुपये घेतले आणि शेवटी शब्दवार विषयसूचीच नाही! पुढे नुसती अनुक्रमणिका, तीही कलमांच्या क्रमाने. 'निलंबन' शोधायचं तर ते एमईपीएसच्या नियम 33 ते 35 मध्ये आहे हे आधीच ठाऊक हवं. ज्याला ठाऊक आहे, तो पुस्तक कशाला घेईल?

लिहायला बसले ते गेल्या आठवड्यातल्या प्रकारामुळे. सातवीतली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चालली होती, फी थकलेली. संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम, पैसे आल्याशिवाय दाखला सोडायचा नाही." वडील समोर उभे, आणि मी पानामागून पान चाळतेय. सापडलं एकदाचं, आरटीईच्या कलम 5 मध्ये. दाखला लगेच द्यायचा. उशीर झाला तर शिस्तभंगाची कारवाई मुख्याध्यापकावर, म्हणजे माझ्यावर. सचिवांवर नाही! तेवढी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. दाखला त्याच दुपारी गेला. त्या संध्याकाळी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने माझी मीच सूची करायला घेतली: दाखला, निलंबन, ज्येष्ठता यादी, परिविक्षा (प्रोबेशन). हे काम संपादकाचं होतं.

मजकूर मात्र चोख आहे. शेवटचे पत्रांचे नमुने पाहून आधी वाटलं होतं, पानं फुगवायचा धंदा. ते मत बदललं. आमच्या एका सरांची चौकशी निघाली आणि समितीतली तिन्ही नावं संस्थेनेच ठरवून टाकली. नियम 36 खालच्या टिपणात स्पष्ट आहे: एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांमधला, आणि एक खुद्द कर्मचाऱ्याने सुचवलेला, मग तो कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी असो. सरांनी नमुन्यातलं पत्र जसंच्या तसं उतरवून आपल्या बाजूच्या सदस्याचं नाव दिलं. वकिलाची एका भेटीची फी यापेक्षा जास्त झाली असती, म्हणजे पुस्तकाचे पैसे तिथेच फिटले. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात जायला 30 दिवसच मिळतात, हे चौकटीत छापलंय, तेही बरं केलं.

पण मुखपृष्ठावर 'अद्ययावत' असं ठळक छापून आत आरटीईचं कलम 16 जुनंच! आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नाही, एवढंच. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला परीक्षा, नापासाला दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यातही नापास झाला तर मागे ठेवू देण्याची राज्य सरकारला मुभा, हे सगळं आलं. आपल्याकडे 2023 मध्ये नियमही बदलले. पालकसभेत जुनं वाचून दाखवलं असतं तर पाचवीच्या पालकांनी मलाच धारेवर धरलं असतं. प्रकाशकाला फोन केला. "पुरवणी आहे मॅडम, दीडशे रुपये." चार पानांचे दीडशे! नाही घेतली. दुरुस्ती राजपत्रात फुकट मिळते. लिपिकाकडून प्रिंट काढून घेतली आणि जुन्या कलमावर डिंकाने चिकटवली.