गोधडी झकास, टॅग खोटा (अडीच स्टार)

लातूरला प्रदर्शनात एका संस्थेच्या स्टॉलवरून गोधडी घेतली, १६५० ला. संस्थेचं नाव टाकत नाही, त्यांचं काम बंद पडावं अशी काही इच्छा नाही माझी. आधी चांगलं सांगतो, लई ऊबदार आहे, डबल बेडला पुरते, दोनदा धुतली तरी रंग गेला नाही. बाजारात अशी हजार-अकराशेला मिळते पण टॅगवर होतं 'ऊसतोड कामगार ताईंनी हाताने शिवलेली', म्हणलं जाऊ द्या वरचे पैसे ताईंना जातील.

घरी आल्यावर आईने चष्मा लावला, गोधडी उलटी केली अन दोन मिनिटात म्हणाली, बाळा ही मशीनची आहे. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खालीवर जातो, टाका मग मोकळी जागा मग टाका, ओळ पण जराशी वाकडी होतेच, अन इथं दोन्हीकडून सलग टाके, वरचा दोरा लाल खालचा पांढरा! आत जुनं लुगडं-धोतर काहीच नाही, पॉलिस्टर भरलेलं. टॅगवरच्या फोटोतल्या बाईच्या हातात कोपरापर्यंत पांढरा चुडा, आता आमच्या मराठवाड्यात बीड-धारूरकडची कोणती बाई असा चुडा घालून ऊस तोडते राव.

मशीनला माझी ना नाही. बायांना मशीनवर काम मिळत असेल तर चांगलंच आहे, मग तसंच लिहा की, मी तरीही घेतली असती. फॅनवाल्याने फसवलं तर आपण दुसऱ्या कंपनीचा फॅन घेतो पण संस्थेने फसवलं की माणूस म्हणतो सगळ्या संस्था अशाच, अन मग जी खरोखर काम करते तिच्या पावतीपुस्तकाकडे पण कुणी बघत नाही. आम्ही औसा तालुक्यातले, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर किती संस्था येऊन गेल्या, वडील अजून सांगतात कोण फोटो काढून गेलं अन कोण पत्र्याच्या शेडमध्ये आमच्यासोबत राहिलं.

काउंटरवरचा पोरगा तर म्हणाला बिलावर ८०जी ची, म्हणजे इन्कम टॅक्समधली सूट पण मिळेल. अरे दादा ती देणगीला असते, वस्तू घेतली की ती विक्री झाली. त्याला जे शिकवलं ते बोलला असेल बिचारा.

त्याच प्रदर्शनात कोपऱ्यात बचत गटाची एक मावशी बसली होती, टॅग नाही काही नाही, स्वतःच सांगत होती, "कडा मशीनच्या हायेत, आतलं हातानं केलंय, ही माझी अन ती जाऊबाईची." २००० म्हणाली म्हणून मी महाग म्हणून पुढं गेलो, शहाणा!

संस्थेला व्हॉट्सॲपवर टाक्यांचे फोटो पाठवले, विचारलं हे हाताचं आहे का. उत्तरात हात जोडलेले तीन इमोजी अन देणगीसाठी क्यूआर कोड आला.