दोन अंगठ्यांवरचा ईसीजी: एका घरगुती यंत्राचा तीन महिन्यांचा अनुभव

मधूनच सुरू होणारी धडधड डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत थांबलेली असे, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने मी हे तळहातात मावणारे ईसीजी यंत्र घेतले. त्याच्या दोन धातूच्या पट्ट्यांवर अंगठे ३० सेकंद टेकवले की मोबाइलवर आलेख उमटतो. यंत्र चांगले आहे. मात्र ते नेमके काय टिपते हे समजून घेऊनच वापरावे, आणि माहितीपत्रकात तेवढेच सांगायचे राहिले आहे.

विश्रांतीत हृदयाच्या स्नायुपेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असतो. उजव्या अलिंदातल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या) एसए नोडमधून, म्हणजे ठोक्याची सुरुवात करणाऱ्या पेशीपुंजातून, संदेश निघाला की सोडियमचे आयन पेशीत शिरतात, तिचा विद्युतभार पालटतो आणि ही लाट शेजारच्या पेशींत पसरत जाते. अलिंदांतून जाताना ती आलेखावर पी लहर उमटवते. अलिंद आणि निलय (खालचे कप्पे) यांना जोडणाऱ्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते, ज्यामुळे निलयांना रक्ताने भरायला अवधी मिळतो. आणि मग हिस बंडल व पर्किंजे तंतू या वेगवान वाहक तंतूंमधून निलयांत इतक्या वेगाने पसरते की निरोगी हृदयात क्यूआरएस हा आलेखातला टोकदार भाग ०.१२ सेकंदाच्या आत आटोपतो. शेवटची टी लहर निलयांच्या पेशी पूर्वस्थितीला येत असल्याची खूण आहे. त्वचेवर यातले जेमतेम मिलिव्होल्टभर मिळते. तेवढे हे यंत्र व्यवस्थित टिपते. फक्त हात मांडीवर सैल ठेवावेत, नाहीतर स्नायूंची थरथर आलेखात मिसळते.

लाट धन इलेक्ट्रोडच्या (इथे डावीकडच्या पट्टीच्या) दिशेने येत असेल तर रेघ वर जाते, दूर जात असेल तर खाली. हे पडताळण्यासाठी मी यंत्र मुद्दाम उलटे धरले आणि सगळ्या लहरी पालथ्या झाल्या. ॲपने त्याची कसलीही सूचना दिली नाही, ही मला गंभीर त्रुटी वाटते. नंतर सरळ धरून डावीकडची पट्टी अंगठ्याऐवजी उघड्या डाव्या गुडघ्यावर टेकवली, तेव्हा पी लहर स्पष्टपणे उंचावली, कारण अलिंदांतली लाट डावीकडे खाली उतरत जाते. १९२४ चे नोबेल मिळवणाऱ्या विलेम आइंटहोवेन यांनी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून ज्या लीड (म्हणजे हृदयाकडे पाहण्याच्या विद्युत दिशा) नोंदवल्या, त्यांतलीच पहिली दोन्ही अंगठ्यांवर मिळते आणि दुसरी गुडघ्यावर.

रुग्णालयात १० इलेक्ट्रोड लावून हृदय १२ लीडमधून पाहिले जाते; छातीवरच्या सहा लीड इथे नाहीतच. त्यामुळे ॲपमधला ‘सामान्य’ हा शेरा ठोक्यांच्या लयीपुरताच घ्यावा. छातीत दुखत असेल तर या यंत्रात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

गेल्या महिन्यात धडधड चालू असतानाच नोंद हाती लागली: ठोक्यांमधले अंतर पूर्णपणे अनियमित आणि पी लहरी गायब. त्या एका पानावरून डॉक्टरांनी अलिंदांच्या अनियमित कंपनाची शंका घेतली आणि पुढच्या तपासण्या त्याच दिवशी सुरू झाल्या.