कारागीर शोधायचा तर मेटासर्च बरे की डिरेक्टरी?

इंदूरमध्ये एखाद्या दुरुस्तीसाठी जाणकार माणूस ऑनलाइन शोधायचा असेल, तर नेहमीच्या शोधयंत्राखेरीज दोन मार्ग उरतात. एक म्हणजे व्यवसायांची डिरेक्टरी आणि दुसरा म्हणजे एकच प्रश्न अनेक शोधयंत्रांना एकदम विचारणारे मेटासर्च. मी दोन्ही बराच काळ वापरले असून आता बहुतेक कामांसाठी एकाकडेच वळतो. दुसरा मार्ग निरुपयोगी आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही.

डिरेक्टरीची मूळ कल्पना फार चांगली होती. १९९४ मध्ये सुरू झालेली याहूची डिरेक्टरी असो, की १९९८ पासून स्वयंसेवक संपादकांनी उभी केलेली डीमॉझ असो, कोणीतरी माणूस संकेतस्थळ स्वतः पाहून ते योग्य विभागात ठेवत असे. इंटरनेटचा पसारा माणसांच्या हातात मावेनासा झाला, शोधयंत्रे सुधारत गेली, आणि याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस, तर डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली. आजच्या व्यवसाय-डिरेक्टऱ्यांमध्ये विभाग टिकले आहेत, पण तो निवड करणारा संपादक सहसा उरलेला नाही. नोंद बहुधा दुकानदार स्वतः करतो किंवा डिरेक्टरीचा प्रतिनिधी करून घेतो, पैसे भरणाऱ्याचे नाव वर येते, आणि ग्राहकाने केलेली चौकशी हाच पुष्कळदा तिथला विकाऊ माल असतो.

माझा निर्णय या शेवटच्या गोष्टीनेच झाला. उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या बोअरिंगमधील सबमर्सिबल पंपाची मोटर जळाली. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळे थांबण्याची सोय नव्हती आणि आम्हाला मोटर बाइंडिंग करणारा, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळून देणारा, हवा होता. एका डिरेक्टरीत शोध घेतला तेव्हा दुकानांची नावे दिसली, परंतु फोन क्रमांकाच्या जागी एक बटण होते. ते दाबल्यावर माझे नाव आणि मोबाइल क्रमांक मागण्यात आला, ओटीपी आला, आणि तो भरून होतो न होतो तोच फोन वाजू लागला. ‘सर, आपने मोटर के लिए पूछा था?’ असे विचारणारे बहुतेकजण नवे पंप विकणारे होते. बाइंडिंगचे काम त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच करत नव्हते, कारण विभाग ‘पंप आणि मोटर’ असा मोघम होता आणि त्या विभागातील अनेकांकडे माझा क्रमांक एकाच वेळी पोहोचला होता. नको असलेले फोन रोखण्यासाठी केलेल्या नोंदणीचाही उपयोग झाला नाही, कारण इथे चौकशी आपण स्वतःच केलेली असते. पंप दुरुस्त होऊन पाणी सुरू झाल्यानंतरही कितीतरी दिवस हे फोन येत राहिले. फोन करणाऱ्या त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या चौकशीचे पैसे मोजलेले असणार. पण एका साध्या प्रश्नासाठी आपला क्रमांक इतक्यांच्या हाती जावा, हे मला आजही मान्य होत नाही.

मेटासर्चला क्रमांक लागत नाही. त्याच्याकडे स्वतःची अनुक्रमणिका, म्हणजे शोधासाठी साठवलेली पानांची यादी, नसते. १९९५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक सेल्बर्ग आणि ओरेन एट्झिओनी यांनी तयार केलेल्या मेटाक्रॉलरपासून पद्धत साधारण तीच आहे: प्रश्न अनेक शोधयंत्रांकडे पाठवायचा, काही क्षण उत्तरांची वाट पाहायची, एकाच पानाचे दुवे एकत्र करायचे आणि सगळ्यांची नव्याने क्रमवारी लावायची. मी वापरतो ते सर्क्सएनजी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक निकालाखाली बारीक अक्षरांत तो कोणकोणत्या शोधयंत्रांनी दिला, याची नावे असतात आणि कोणाचे उत्तर आले नाही हेही दिसते.

याच क्रमवारीत मेटासर्चची उणीवही आहे. जे पान अनेक शोधयंत्रांना सापडते आणि प्रत्येकाकडे वर असते, त्याला जास्त वजन मिळते. देशभर माहीत असलेल्या विषयासाठी हे उत्तम आहे, पण गल्लीतील दुकान एखाद्याच शोधयंत्राला ठाऊक असले, तर ते खाली ढकलले जाते. माझ्या बाबतीत उपयोगी पडलेला निकाल, म्हणजे पंप बनवणाऱ्या कंपनीने दिलेली सेवा केंद्रांची यादी, बराच खाली होता आणि त्याखाली एकाच शोधयंत्राचे नाव होते. त्या यादीतील इंदूरच्या पत्त्यावर फोन केला आणि काम झाले. तेव्हापासून मी वरचे निकाल भरभर पाहतो आणि खालचे एकेकट्या नावाचे निकाल सावकाश वाचतो.

आणखी दोन अडचणी सांगायला हव्यात. प्रश्न मेटासर्चच्या सर्व्हरवरून जात असल्यामुळे शोधयंत्रांना आपण कुठे आहोत हे कळत नाही. ‘जवळचे दुकान’ असे विचारून भागत नाही, शहराचे आणि शक्य तर बाजाराचेही नाव लिहावे लागते. शिवाय कोणालाही वापरता येणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरवर गर्दी झाली की काही शोधयंत्रे त्याला अडवतात आणि निकाल तुटपुंजे येतात. अशा वेळी दुसरा सर्व्हर घ्यावा लागतो, आणि हा खटाटोप प्रत्येकाला आवडेलच असे नाही.

रात्री नळ फुटला असेल, ताबडतोब कोणीही माणूस हवा असेल, किंवा घरातील ज्येष्ठांना फक्त एक यादी पाहून फोन लावायचा असेल, तर डिरेक्टरी निश्चितच सोयीची आहे. ज्या छोट्या दुकानदारांचे स्वतःचे संकेतस्थळ नाही, त्यांची नावे बहुधा तिथेच मिळतात. किंबहुना मेटासर्चच्या निकालांतही डिरेक्टरीचीच पाने पुष्कळदा समोर येतात. अशा पानावरून मी दुकानाचे नाव आणि पत्ता तेवढा टिपून घेतो, चौकशीचा अर्ज भरत नाही, आणि त्याच नावाचा पुन्हा शोध घेऊन क्रमांक मिळवतो. क्रमांक मिळालाच नाही आणि दुकान राणीपुरा किंवा जेल रोड या इथल्या बाजारांत असले, तर सरळ तिथे जाऊन विचारणे मला अधिक पटते.