नऊ महिन्यांनंतर: चार फुटी टँकमधलं कासवांचं घर आणि मुंबईची ओल

आधी सामान. टँक ४ × १.५ × १.५ फुटांचा, १० मिलिमीटर काचेचा. पाणी १३ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण १८० लिटर. ताशी १२०० लिटर क्षमतेचा, २० वॉटचा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर. २२ इंची, २४ वॉटची यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, टी-५ नळी. उबेसाठी ५० वॉटचा हॅलोजन. डिसेंबर ते ऑगस्ट असा सलग वापर. त्यात थंडी, मे महिना आणि भर पावसाळा तिन्ही येऊन गेले. राहणारी दोन रेड-इअर्ड स्लायडर जातीची कासवं, आणली तेव्हा काडेपेटीएवढी.

या जातीचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. त्यामुळे तिच्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशातलं असतं: हीटर कुठला घ्यावा, पाणी गरम कसं ठेवावं. मुंबईत तो प्रश्न जेमतेम दोन महिन्यांचा. इथे खरी मारामारी पाणी तापवण्याची नाही, कासवाला कोरडं होऊ देण्याची आहे. सेटअपमध्ये जे जे बदलावं लागलं, ते या एका कारणापायी.

क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याला पिल्लासोबत जो प्लॅस्टिकचा वाडगा मिळतो, मधोमध बेट आणि त्यावर नारळाचं झाड, तो घेऊच नका. त्यात फिल्टर बसत नाही, दिवा बसत नाही आणि पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं. मादी मोठी होऊन २५ ते ३० सेंटिमीटर भरते, नर त्याहून लहान राहतो, आणि दोघंही वीस-तीस वर्षं सहज जगतात. कवचाच्या दर इंचाला सुमारे ४० लिटर पाणी, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

भरलेल्या टँकचं वजन हिशेबात धरा. १८० किलो पाणी, पन्नासेक किलो काच, वर स्टँड. मिळून अडीचशे किलोच्या आसपास. जुन्या इमारतीत तो खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत किंवा बीमजवळ ठेवा. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये तर मुळीच नाही. वजन बाजूला राहू द्या, कावळे आणि घारी पिल्लू उचलतात. काचेखाली थर्माकोलचा एक थर हवाच, नाहीतर स्टँडच्या उंचसखल जागी काचेवर ताण येऊन तडा जातो. मागची भिंत आणि टँक यांत चार इंच अंतर ठेवा. जुलैत भिंतीला ओल आली की या चार इंचांची किंमत कळते.

फिल्टरवर हात आखडू नका. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून १८० लिटरला ‘२०० लिटरसाठी’ असं लिहिलेला फिल्टर कमी पडतो. टँकच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठीचा घ्यावा. कॅनिस्टरमध्ये खाली जाड स्पंज, मग बारीक स्पंज, वर सिरॅमिकच्या रिंगा. रिंगांवर जिवाणूंची वसाहत बसते. ते विष्ठेतून आलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टँक नोव्हेंबरात भरून, कासवांविना, रोज चिमूटभर खाद्य टाकून चालू ठेवला होता. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत पिल्लं आणू नयेत. दुकानदार म्हणेल, आजच न्या. टँक तयार नसेल तर ऐकू नका.

दर सहा-आठ आठवड्यांनी फिल्टर उघडावा लागतो. स्पंज आणि रिंगा टँकमधून काढलेल्या पाण्यातच खंगाळायच्या. नळाखाली धरल्या की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तीन-चार दिवसांत अमोनिया वर जातो. कासव निमूट सहन करतं, आपल्याला मात्र वासावरून कळतं. बराच वेळ वीज गेली असेल तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आत कोंडलेलं पाणी कुजलेलं असतं. ते ओतून द्या आणि मगच बटण दाबा.

आठवड्याला पाव टँक, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या पाणी बदलायचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून प्रत्येक बादलीत सोडियम थायोसल्फेटचे थेंब, बाटलीवर दिलेल्या मात्रेत. बादली रात्रभर उघडी ठेवूनही क्लोरीन बरंचसं उडतं, पण पावसाळ्यात उघडं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. थेंब बरे. सायफनची नळी तोंडाने ओढू नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोटाचा संसर्ग करणारा जिवाणू असू शकतो, आणि तो बघून ओळखता येत नाही. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, टँकची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात पिल्लू द्यायचं नाही.

आता कोरडी जागा. पहिले दोन महिने व्हॅक्यूम कपांवर चिकटणारा तरंगता प्लॅस्टिकचा डॉक, म्हणजे बसायचा फलाट होता. पिल्लांना पुरला. फेब्रुवारीत दोघं एकाच वेळी चढू लागली आणि डॉक एका बाजूने पाण्यात बुडू लागला. कप शेवाळाने निसटतात, ते वेगळंच. म्हणजे कासव वर बसलेलं दिसतं, पण पोटाखालचं कवच कायम ओलं. दोन विटांवर कडप्प्याची लादी, हा दुसरा प्रयोग. दिसायला छान, पण विटांच्या मागे घाण साचली आणि तिथे फिल्टरची ओढ पोचेना.

तिसरा प्रयोग टिकला. नागदेवी स्ट्रीटवरून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, ते जोडायचे काटकोनी एल्बो आणि तीन तोंडी टी आणून १६ × १० इंचांचं टेबल केलं, पाय १४ इंचांचे. पाइपांना भोकं पाडली की त्यांत पाणी भरतं आणि टेबल तरंगत नाही. वर फॉल्स सिलिंगच्या दिव्यांखाली लावतात ती पांढरी चौकोनी जाळी, केबल टायने बांधलेली. तिची भोकं अर्ध्या इंचाची असतात, पिल्लाचा पाय अडकतो. म्हणून तिच्यावर बारीक प्लॅस्टिक जाळी. टायची टोकं कापून बोथट करा. चढायला त्याच जाळीची उतरंड, खालचं टोक पाण्यात तीन इंच बुडालेलं. उतरंड पाण्याच्या पातळीवरच संपली तर मे महिन्यात फसगत होते. तेव्हा आठवड्याला इंचभर, म्हणजे जवळजवळ एक बादली पाणी उडून जातं. पातळी खाली येते आणि कासवाला चढता येत नाही. हिरवं कृत्रिम गवत लावू नका, त्याचे धागे ओढून खातात.

टेबलाच्या एका टोकाला, बरोबर दिव्याखाली, ८ × ८ इंचांचा कडप्प्याचा तुकडा आहे. वजन दीडेक किलो. काळा दगड उष्णता धरून ठेवतो आणि कासवाचं पोट खालून वाळतं. पावसाळ्यात सगळ्यांत जास्त काम याच तुकड्याने केलं.

दिव्याबद्दल गैरसमज फार. लागतात दोन वेगळ्या गोष्टी, ऊब आणि यूव्हीबी. हॅलोजन दगडापासून आठेक इंचांवर ठेवून खालचं तापमान ३२ ते ३५ अंशांत आणायचं. थर्मामीटर दगडावर ठेवून मोजा, हाताने अंदाज नको. एलईडी इथे कुचकामी, त्यातून ऊब मिळतच नाही. होल्डर पोर्सिलेनचाच घ्या, लोहार चाळीत सहज मिळतो. प्लॅस्टिकचा होल्डर काही आठवड्यांत पिवळा पडून ठिसूळ होतो. दिवा असा टांगा की उडी मारताना पाणी त्यावर उडणार नाही. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की बल्ब फुटतो.

यूव्हीबीशिवाय कासवाच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम कवचापर्यंत पोचत नाही. कवच मऊ पडतं, कडा वर वळतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी निरुपयोगी, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. अॅक्रिलिकचं झाकणही तेच करतं, आणि बारीक जाळी बराच भाग खाते. म्हणून नळी दगडापासून फूटभर वर, मध्ये झाकण किंवा जाळी येऊ न देता. वर्षभराने ती बदलायची, ती प्रकाश देत असली तरी. यूव्हीबी आधी संपतं, उजेड नंतर. दोन्ही दिवे टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. फिल्टर धरून रोज सुमारे १.३ युनिट, महिन्याला चाळीसच्या आत. हा सगळा पसारा पाण्याच्या शेजारी असल्याने आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच लावा आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतो.

टेबल उंच असल्याने काचेची वरची कड जेमतेम चार इंचांवर राहते. दहा सेंटिमीटरचं कासव मागच्या पायांवर उभं राहून तिथे पोचतं. टेबलाभोवती त्याच जाळीचं आणखी सहा इंचांचं कुंपण केलं तेव्हा पळापळ थांबली.

थंडीत पाणी रात्री २१ अंशांपर्यंत उतरलं. पिल्लांना २६ लागतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत १५० वॉटचा हीटर, त्यावर प्लॅस्टिकचं कवच. नुसत्या काचेचा हीटर कासव धडका मारून फोडतं. फेब्रुवारीत काढला तो काढलाच. एसीच्या खोलीत टँक असेल तर गोष्ट वेगळी: पाणी कोमट आणि वरची हवा गार, ती फुप्फुसात जाते. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, एका बाजूला कलून पोहणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. घरगुती उपाय न करता सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा. त्याचा नंबर आधीच शोधून ठेवलेला बरा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काचेचं झाकण काढून जाळीचं लावलं, कारण काचेखाली वाफ कोंडून टेबल कायम दमट राहत होतं. जाळीवर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा, हवा बाहेर ओढणारा. आत वारा मारणारा पंखा लावू नका, ओलं कासव गारठतं. तेवढ्याने टेबल वाळू लागलं. कवचावरून सुटणारे पातळ, पारदर्शक पापुद्रे पाहून घाबरू नका, ती वाढ आहे. पांढरट-गुलाबी, मऊ, वास मारणारा डाग मात्र कवच सडण्याचा.

तळाला बारीक खडी घालू नका. गिळली की आतडं तुंबतं. तळ मोकळाच बरा, दिसायला ओकाबोका असला तरी.

खाणं थोडक्यात: पिल्लांना रोज, त्यांच्या डोक्याच्या आकाराएवढे पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. बरणीतली सुकी कोळंबी किंवा बाजारातला जवळा हे रोजचं जेवण नव्हे; त्यावरच ठेवलेल्या पिल्लांचे डोळे ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी सुजतात. पाल्यात जास्वंदीची पानं आणि फुलं सगळ्यांत आवडती, मग शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मिठी नदीतली किंवा पवईतली जलपर्णी आणून घालण्याचा मोह टाळा, ती गाळातलं काय काय शोषून घेते. मुंबईचं पाणी मृदू, म्हणजे त्यात कॅल्शियम कमी, म्हणून ते पुरवणारा, पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टँकमध्ये तरंगत ठेवा. कुरतडायला आवडतो, कडक पाठ मात्र आधी सुरीने काढून टाका.

देशी कासवं, तारांकित असो वा तळ्यातली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ती घरी ठेवता येत नाहीत, कुणी कितीही ‘लकी’ म्हणून देऊ केली तरी. आणि स्लायडर नकोसा झाला म्हणून बाणगंगेत किंवा पवईला सोडणं हा पर्याय नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तो आहे; देशी कासवांची उन्हाची जागा आणि अन्न तो बळकावतो.

नवव्या महिन्यात एकाचं कवच ९.५ सेंटिमीटर, दुसऱ्याचं ८. नरांची पुढची नखं लांब होतात, पण ते साधारण दहा सेंटिमीटरनंतर कळतं. दोघंही नर निघाले तर चावाचावी होईल आणि दुसरा टँक लागेल. मादी निघाली तर दोनेक वर्षांत हाच टँक तिला अपुरा पडेल. म्हणून भिंतीलगत सहा फूट जागा आत्तापासून रिकामी ठेवली आहे.