पिस्तूल अडकतंय: घरी घासायचं, गनस्मिथकडे द्यायचं की आधी नुसतं साफ करायचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मित्राचं नेमबाजीचं .२२ पिस्तूल गेल्या पावसाळ्यात अडकायला लागलं. पाचातली एखादी गोळी मॅगझिनमधून वर येताना नाक टेकवून थांबायची आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता भाग, अर्ध्यावर राहायचा. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसतं आणि मग ७ सेकंद गायब होतं. त्या ३ सेकंदांत बोल्ट अर्ध्यावर राहिला की काय होतं, हे रेंजवर उभं राहिलेल्याला सांगायला नको. मित्र म्हणाला, "माझ्याकडं बफ हाय, पेपर हाय. आतलं सगळं आरशागत करतो, अर्ध्या तासाचं काम."

कोल्हापुरात हा मोह जरा जास्तच होतो. हुपरीला चांदी चमकवणारे हात आहेत, उद्यमनगरात आणि शिरोलीत धातूला हवा तसा फिनिश देणारे कारागीर आहेत. शिवाय राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे इथल्या पोरांना नेमबाजीची ओढ आहे. पण चांदीचा पैंजण आणि पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे उडण्याआधी गोळी बसते ती जागा, यांत फरक आहे. पैंजणावरून थोडा धातू जास्त गेला तर वजन कमी भरतं, चेंबरच्या तोंडावरून गेला तर गोळीच्या पुंगळीचा आधार जातो. .२२ ची पुंगळी पातळ असते. आधार सुटलेल्या जागी ती फुगते, कधी फाटतेही.

पहिला पर्याय आधी नुसतं साफ करायचा. तो फुकटाचा आहे, म्हणूनच लोक टाळतात. .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो आणि शिसं उघडं असतं. बारुदाची काजळी, मेण आणि शिसं मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक थर धरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात जास्तीचं तेल ओतलेलं असेल तर त्यावर आणखी चिकटा बसतो. ब्रॉन्झचा ब्रश, सॉल्व्हंट, कोरडं फडकं आणि शेवटी तेलाचा अगदी पुसट हात, एवढं आधी करावं. मग मॅगझिनांवर १, २, ३ असे आकडे घालावेत. दर वेळी २ नंबरवरच अडकत असेल तर पिस्तुलाचा दोष नाही. त्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, फाकलेत किंवा स्प्रिंग मेलीय. गोळीचा ब्रँडही बदलून बघावा. वजन तेच ४० ग्रेन असलं तरी एखादं पिस्तूल एका कंपनीची गोळी गिळतं आणि दुसरीची थुंकतं. नवं पिस्तूल असेल तर पहिले काहीशे राउंड चालू द्यावेत. जे पृष्ठभाग एकमेकांवर घासायचे असतात, ते आपोआप बसतात.

दुसरा पर्याय घरच्या पॉलिशचा. त्याच्या बाजूनं एवढंच सांगता येईल की फीड रॅम्पवर, म्हणजे गोळी मॅगझिनमधून चेंबरकडे चढते त्या उतारावर, मशीनच्या रेघा किंवा बारीक बर (धातूची उभी राहिलेली कूस) असेल तर गोळीचं मऊ नाक तिथं खरंच अडतं, आणि तो बर काढला की फरक पडतो. पण चकाकी आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅम्पचा कोन बदलला की गोळी चुकीच्या उंचीवर चढते. बफचं चाक कोन राखत नाही, ते कड गोल करतं. फिटरला हे मी काय सांगणार, जॉबची धार बफवर मेलेली त्यानं रोज बघितलेली असते. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याची धार तर शाबूत राहायलाच हवी, ती गोल झाली की पुंगळी नीट बाहेर ओढली जात नाही. सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) आणि हॅमरच्या, म्हणजे घोड्याच्या, खाचेला हात लावायचाच नाही. अनेक पिस्तुलांत तिथला कडक थर फार पातळ असतो. तो गेला की खालचा मऊ धातू भराभर झिजतो आणि एक दिवस बोट न लावता गोळी सुटते. एवढ्यासाठीच मी घरच्या पॉलिशच्या ठाम विरोधात आहे.

आणि कायद्याचं काय? शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती करायला स्वतंत्र परवाना लागतो. पिस्तूल बाळगायचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. त्यामुळे ओळखीच्या बफिंगवाल्याकडे भाग नेऊन देणं ही मदत नाही, त्या बिचाऱ्याला अडचणीत घालणं आहे.

तिसरा पर्याय परवानाधारक गनस्मिथ. वेळ जातो, पैसे जातात, सरावाचे दिवस बुडतात. पण तो घासायच्या आधी शोधतो. रॅम्पवर निळं मार्किंग लावून डमी राउंड (बारूद नसलेली गोळी) हातानं चढवतो आणि रंग कुठं पुसला ते बघतो. तेवढ्याच जागी बारीक स्टोन फिरवतो, तोही गोळीच्या वाटेच्या दिशेनं, आडवा नाही. त्याला काय विचारायचं ते मी सांगतो: कुठं किती घेणार? चेंबरच्या तोंडाला हात लागणार आहे का? "सगळं आतून चकाचक करून देतो" असं उत्तर आलं तर पिस्तूल परत घ्यावं.

मित्राला मी आधी पहिल्या पर्यायावर बसवलं. निम्मा त्रास एका मॅगझिनचा निघाला. उरलेला साफ करताना सापडला: चेंबरच्या काठावर वरच्या बाजूला, नखाला लागेल एवढा एक ठोका. पिस्तुलात ड्राय फायरची (गोळीशिवाय ट्रिगर दाबायची) सोय नसताना घरी रिकामं चालवल्यानं फायरिंग पिन काठावर आपटत होती आणि धातू आत ढकलला गेला होता. गोळी तिथंच अडत होती. रॅम्प जन्मभर घासला असता तरी हे गेलं नसतं. गनस्मिथनं तो ठोका धातू न काढता चेंबरच्या मापाच्या हत्यारानं दाबून मागे बसवला. रॅम्पला हातही लावला नाही. पिस्तूल परत आल्यावर आम्ही ट्रिगरला वजन लावून बघितलं. नियमाचे १००० ग्रॅम ट्रिगरनं न सुटता आरामात उचलले.