पूर्णेच्या पाण्यावर ट्राउटचा रॉड: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

मराठवाड्यात ट्राउट मासळी नाही आणि ती इथे जगणारही नाही. तिला थंडगार पाणी लागतं, आमची पूर्णा तर चैत्रातच कोमट होते. तरी ट्राउटसाठीच बनलेला, ९ फुटी, ५ नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा), चार तुकड्यांचा फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी टाकून मासे धरायची काठी, मी घेतला तो जिंतूरकडच्या पूर्णेसाठी. दिवाळीनंतर पाणी उतरतं, निवळतं, तळाचे गोटे दिसायला लागतात. अशा पाण्यात शिसं बांधलेला गळ धप्पकन पडला की चिलापी लगेच पांगते.

फ्लायचं तसं नाही. इथे वजन गळाला नसतं, दोरीला असतं. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. तेवढ्याच वजनावर रॉड वाकतो आणि पिसाची नकली माशी आवाज न करता पाण्यावर उतरते. नदीवर गरी टाकून बसलेले एक मामा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "अरे लेकरा, याला आमिषच नाही की!" त्यानंतर चिलापी लागलेली बघून त्यांनी रॉड स्वतः हातात घेऊन पाहिला.

खरी अडचण काठावरच्या वेड्या बाभळींची. दोरी पुढे जेवढी टाकायची तेवढीच आधी मागे जावी लागते, आणि मागे काटेच काटे. म्हणून रोल कास्ट शिकून घ्याच. त्यात दोरी मागे हवेत न उडवता पाण्यावरूनच गोल पुढे लोटतात. हा रॉड त्या कामाला फार गुणी आहे, मधोमध छान वाकतो.

मार्चअखेर परवाना काढून हा रॉड हिमाचलात तीर्थन नदीवर नेला. तिथे ब्राऊन आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. वाहत्या पाण्यात निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बुडणारी नकली माशी, तळाशी सोडली की दोरीचा बारीकसा थांबाही मुठीत कळत होता. रॉड त्याच पाण्यासाठी घडवलाय, हे तिथे पटलं. मासा सोडायचा तर हात ओला करूनच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर रॉड अजून नव्यासारखा. जोडांवर अधूनमधून मेणबत्तीचं मेण घासतो. दोरीचे मात्र आपल्या उन्हात हाल होतात. काळ्या मातीचा गाळ तिच्या लेपावर बसतो, मग ती रॉडच्या कड्यांतून अडखळत निघते. घरी आलो की सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसतो. डास पळवायचं मलम लावलेला हात दोरीला अजिबात लावू नका, त्यातलं डीट लेप खातं. उभ्या उन्हात गाडीतही ठेवू नका.

माश्या मी घरीच बांधतो. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं यासाठी अव्वल, आणि आपल्याकडे ती मागितली की मिळतात.

मरळीसाठी हा रॉड घेऊ नका. तिच्या दातांपुढे बारीक टिपेट, म्हणजे माशी बांधायचा दोरीच्या टोकाचा पातळ धागा, टिकत नाही आणि ती शेवाळात घुसली की ५ नंबरचा जोर कमी पडतो. तिला ८ नंबर पाहिजे. आणि धरणाच्या पाण्यावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिला आधी विचारा.