छताला टांगलेला एसी आणि तो बसवणारी माणसे

आमच्या वाचनालयाच्या लांबट दालनासाठी गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर छताला टांगायचा एसी घेतला आणि तो एका बाहेरच्या संस्थेकडून बसवून घेतला. यंत्र कितपत थंडावा देते हे पहिल्या तासाभरात कोणालाही कळते; परंतु वाचकांच्या डोक्यावर 36 किलोंचे ओझे नेमके कशाच्या आधारावर लटकते आहे, हे फक्त बसवण्याच्या दिवशी आणि तेही शिडी चढणाऱ्यालाच दिसते. म्हणून या परीक्षणात यंत्राविषयी थोडे आणि ते बसवण्याच्या कामाविषयी अधिक लिहिले आहे.

हा प्रकार निवडण्यामागचे कारण साधे होते. कॅसेट एसीला, म्हणजे छतात बसवून फक्त जाळी खाली दिसणाऱ्या एसीला, फॉल्स सीलिंगच्या आत बरीच उंची लागते, ती आमच्याकडे नव्हती. भिंतीवरच्या एसीचा झोत दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नव्हता. टांगता एसी छताच्या खाली उघडाच राहतो आणि हवा आडवी, लांबवर फेकतो. दिसायला तो काही देखणा नाही, पण लांब खोलीत त्याच्याइतका उपयोगी पर्याय मला आढळला नाही.

काम देण्यापूर्वी दोन ठिकाणच्या माणसांना जागा दाखवली होती. पहिल्याने खालूनच नजर टाकली आणि दालनाच्या निम्म्या भागातील फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चौकटीलाच यंत्र अडकवू, असे सांगितले. ती चौकट जिप्समचे तक्ते तोलण्यापुरती असते. पंख्याच्या सततच्या कंपनासह चालणारे यंत्र तिच्यावर टांगणे म्हणजे ते आज ना उद्या खाली येण्याची सोय करणे होय, आणि त्यामुळे त्या माणसाला आम्ही तेथूनच निरोप दिला. दुसऱ्या संस्थेचा तंत्रज्ञ मात्र शिडी लावून वर चढला, एक तक्ता काढून आतला स्लॅब ठोकून पाहिला, तो भरीव काँक्रीटचा आहे की पोकळ ब्लॉकचा याची खात्री केली आणि इमारतीचे आराखडे मागितले. ताण दिलेल्या तारांचा स्लॅब असेल तर आराखडा पाहिल्याशिवाय भोक पाडणार नाही, कारण अशी एखादी तार ड्रिलने तुटली तर प्रश्न एसीपुरता राहत नाही, असे त्याने सांगितले तेव्हाच आमचा निर्णय झाला होता.

यंत्रासोबत आलेला कागदी साचा छताला चिकटवून चार खुणा केल्या गेल्या आणि त्यानंतर लोखंड शोधणारे यंत्र त्यांवरून फिरवले गेले. दोन खुणा नेमक्या सळयांवर येत होत्या. बहुतेक ठिकाणी अशा वेळी भोक थोडे तिरके पाडतात किंवा उथळ ठेवतात. येथे अख्खा साचाच 6 सेंटिमीटर सरकवला गेला. 10 मिलिमीटरच्या आटे असलेल्या रॉडसाठी ठोकून बसवायचे पोलादी अँकर, म्हणजे भोकात फाकून रॉडला धरणाऱ्या नळ्या, वापरले होते, ज्यांना 12 मिलिमीटर व्यासाचे आणि 40 मिलिमीटर खोलीचे भोक लागते. खोली बरोबर यावी म्हणून ड्रिलच्या बिटावर चिकटपट्टी गुंडाळली होती. यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटली: प्रत्येक भोक ब्रशने घासून आणि हातपंपाने फुंकून त्यातील भुकटी पूर्ण काढण्यात आली. अँकर आतून फाकतो आणि भोकाच्या भिंतीला दाबून धरतो. मध्ये भुकटीचा थर राहिला तर तो काँक्रीटऐवजी धुळीला धरतो, आणि ही उणीव बाहेरून कधीच दिसत नाही. लाकडी खुंटी किंवा प्लॅस्टिकची गिट्टी अशा कामात चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चार रॉडांत भार वाटला तर प्रत्येकावर 9 किलोच येतात, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे आमच्या एका सहकाऱ्याने विचारले. भार कधीच समसमान वाटला जात नाही. यंत्राची एक बाजू जड असते, सेवेच्या वेळी माणूस झाकण ओढतो आणि कंपन वर्षानुवर्षे चालू राहते. एक अँकर सुटला तर उरलेल्या तिघांवर केवळ वाढीव वजन नव्हे, तर अचानक बसलेला हिसका येतो.

यंत्र वर नेताना हाताने फिरवायचा उचल-घोडा आणला होता, त्यामुळे शिडीवर उभे राहून डोक्यावर ओझे पेलण्याचा नेहमीचा प्रकार टळला. खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवली होती. ब्रॅकेटच्या वर एक आणि खाली दोन नट, दोन्हीकडे रुंद वॉशर, अशी बांधणी करून पाणसळ लावली गेली आणि एसीत साठणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याची बाजू किंचित खाली ठेवण्यात आली. यंत्राचा तळ जमिनीपासून अडीच मीटरहून वर आहे, म्हणजे पंख्यापर्यंत कोणाचा हात सहज पोहोचत नाही. दोन्ही अंगांना दुरुस्तीसाठी जागाही सोडलेली आहे.

नळ्यांच्या कामाबद्दल माझे मत संमिश्र आहे. फ्लेअर नट, म्हणजे तांब्याच्या नळीचे फाकवलेले टोक जोडणारे नट, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले गेले, 9.52 मिलिमीटरच्या नळीला 33 ते 40 आणि 15.88 मिलिमीटरच्या नळीला 62 ते 75 न्यूटन-मीटर या मर्यादेत; अंदाजाने आवळलेला नट एक तर गळतो किंवा तांब्याची कड चिरतो. त्यानंतर गळती तपासण्यासाठी कोरडा नायट्रोजन सुमारे 40 बार दाबाने भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा किंचित खाली आलेला पाहून मी शंका घेतली, तेव्हा तंत्रज्ञाने आदल्या दिवशी नोंदवलेले तापमान दाखवले: खोली पाच अंशांनी थंड झाली की एवढ्या दाबात सुमारे 0.7 बारची घट होणारच. हे उत्तर ऐकून समाधान वाटले. परंतु नळ्यांतील हवा आणि ओल ओढून काढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची पाळी आली तेव्हा त्याच्या हाताखालच्या मुलाने थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याचा जुना मार्ग सुचवला आणि मला मध्ये पडावे लागले. आमच्या यंत्रात आर-32 हा थंडावा देणारा वायू आहे. तो सौम्य ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत मोकळा सोडण्याजोगा नाही. शिवाय या मार्गाने नळीतील ओल निघत नाही, ती तेलात मिसळून पुढे कॉम्प्रेसरचा घात करते. मुख्य तंत्रज्ञाने लगेच मुलाला थांबवले, पंप लावला आणि 500 मायक्रॉनच्या (निर्वात मोजण्याचे दाबाचे एकक) खाली उतरलेला निर्वात, पंप बंद केल्यावरही, टिकतो याची खात्री करूनच गॅस सोडला. त्याचे काम चोख होते, पण ती शिस्त सगळ्या पथकात मुरलेली नव्हती.

विजेचे काम नीट झाले. स्वतंत्र सर्किट, योग्य क्षमतेचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणारा स्विच), गळती-रोधक स्विच आणि अर्थिंगची मोजणी हे सारे मला दाखवून केले गेले. काम चालू असताना मुख्य स्विचला कुलूप होते आणि किल्ली तंत्रज्ञाच्या खिशात.

खरा हिरमोड निचऱ्याच्या पाइपने केला. निघताना त्यांनी ट्रेमध्ये पाणी ओतून पाहिले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी संदर्भग्रंथांच्या कपाटावर थेंब पडू लागले. पाइपला शंभरात एक एवढा उतार आखलेला होता, पण टेकू दोन-दोन मीटरवर असल्याने मधला भाग पोट सुटल्यासारखा लोंबत होता आणि तेथे साठलेले पाणी ट्रेमध्ये उलटत होते. भरीस भर म्हणून एका फ्लेअर जोडावर इन्सुलेशन चढवायचे राहिले होते, तेथे थंड धातूला घाम सुटत होता. कळवल्यावर पथक दुसऱ्याच दिवशी आले, प्रत्येक मीटरवर टेकू दिला, जोड झाकला आणि या वेळी लिटरभर पाणी ओतून ते पलीकडच्या टोकाला येईपर्यंत आम्ही सारे उभे राहिलो. जादा आकार लावला नाही. तरीही दोन जाडजूड कोशांच्या बांधण्या फुगल्या त्या फुगल्याच.

पाचपैकी चार तारे देतो, आणि वजा केलेला एक तारा सर्वस्वी त्या पाइपसाठी आहे. टांगण्याच्या कामात मात्र मला खोट काढता आली नाही. जाण्यापूर्वी तंत्रज्ञाने प्रत्येक नटावरून रॉडवर लाल मार्करने एक सरळ रेघ ओढली होती, म्हणजे नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी. सहा महिन्यांनी गाळण्या धुताना मी शिडीवर चढून त्या सगळ्या रेघा पाहिल्या. एकही तुटलेली नव्हती.